चौऱ्यांशीची सरासरी

“चौऱ्यांशी?” मायानं कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. “खोटी हाये, ओमप्रकाशजी. पोट्टीची सरासरी चौऱ्यांशी नसते.”

अकोल्यातल्या एका औषधाच्या दुकानामागच्या खोलीत, खोकल्याच्या औषधाच्या खोक्यांवर बसून निवड समितीची बैठक चालली होती. समिती म्हणजे माणसं दोन. एक दुकानाचे मालक ओमप्रकाश लढ्ढा. आयुष्यात कधी बॅट धरली नाही, पण आकडे तोंडपाठ. दुसरी अमरावतीहून आलेली माया तायडे. एसटीत कंडक्टर, एकेकाळी विद्यापीठाची सलामीची फलंदाज. अमरावती-अकोला मिळून एकोणीस वर्षांखालची एकच फलंदाज मुलगी नागपूरच्या शिबिराला जायची होती आणि तिचं नाव येत्या सोमवारच्या आत कळवायचं होतं.

ओमप्रकाशजींचा हिशोब सरळ होता. मुलीच्या सगळ्या धावांना ती जितक्या वेळा बाद झाली त्या आकड्यानं भागायचं. नाबाद राहिली तर तो डाव भागाकारात येत नाही, धावा मात्र येतात. भातकुलीकडच्या आचल ढोरेचे यंदा नऊ डाव, धावा दोनशे बावन्न, बाद फक्त तीनदा. म्हणून चौऱ्यांशी. तिच्या खालोखाल अकोल्याची प्राजक्ता, तेहतीस. यात बोलायचं काय उरलं, असं त्यांचं म्हणणं.

मायाला मात्र त्या सहा नाबाद डावांचा वास आला. तिचा स्वभावच तसा, आणि नोकरीनं त्याला खतपाणी घातलेलं. वीस-बावीस वर्षं जिनं अर्ध्या तिकिटावर बसलेली मिसरूड फुटलेली पोरं पकडली, तिचा कुणावर विश्वास बसणार? आई सांगे, अजून बारावं लागलं नाही. माया पोराला लाडानं विचारी, कितवीत आहेस रे बाळा, आणि बाळ छाती फुगवून सांगे, नववीत. सवलतीसाठी दाखवलेल्या आधार कार्डावरचा म्हातारा आणि समोरचा म्हातारा एकच आहे का, हे ती दोघांचे कान पाहून ठरवी. सख्ख्या भाच्यासाठीही तिनं कधी गाडी मिनिटभर थांबवली नव्हती.

नाबाद या शब्दावर तर तिचा जुनाच राग. विद्यापीठाच्या संघात ती मॅटिंगच्या खेळपट्टीवर पहिली उतरायची, नवा चेंडू अंगावर घ्यायची आणि बाद व्हायची. सरासरी सतरा. सातव्या नंबरावर येणारी एक मुलगी शेवटची दोन षटकं उरली की यायची, नऊ-दहा धावा करून नाबाद परतायची. तिची सरासरी चाळीस, आणि राज्याच्या संघात निवड तिची. मायाच्या दंडावरचे चेंडूंचे काळे-निळे डाग कुठल्याच भागाकारात आले नाहीत. ते शल्य तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण गेलंही नव्हतं.

“रविवारी अमरावतीलेच मॅच हाये तिची,” ओमप्रकाशजी म्हणाले. “पाहून घ्या स्वतःच्या डोयानं. मी संध्याकाळी नाव पाठवतो.”

रविवारी दुपारी माया तोंडाला स्कार्फ बांधून, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मैदानाच्या लांबच्या टोकाला निंबाखाली बसली. आचलचा संघ नंतर फलंदाजीला आला. पोरगी चौथ्या नंबरावर उतरली. काटकुळी, रापलेली, भावाचं वाटावं असं मोठं हेल्मेट घातलेली. पहिलाच चेंडू तिनं असा काही मारला की माया नकळत सावरून बसली. पाय चेंडूपर्यंत जात होते, डोकं हलत नव्हतं. खोटं वाटावं असं त्यात काहीच नव्हतं, आणि त्यामुळे मायाचा संशय आणखीच वाढला. इतकं चांगलं खेळणाऱ्या पोरीला नाबाद राहायची गरज का पडावी?

उत्तर थोड्या वेळानं आपसूक समोर आलं. आचलच्या चाळीसएक धावा झाल्या होत्या. पलीकडच्या कर्णधारानं प्रियदर्शनीला, म्हणजे त्या मैदानावरच्या सगळ्यांत वेगवान पोरीला, पुन्हा गोलंदाजीला बोलावलं. प्रियदर्शनी आपलं धावायचं अंतर मोजू लागली. आचलनं एकदा रस्त्याकडे पाहिलं, पंचांजवळ जाऊन काहीतरी सांगितलं आणि बॅट काखेत मारून चालायला लागली. लागलं नाही, खुपलं नाही. बाहेर टेबलावर बसलेल्या गुणलेखकानं मान खाली घालून मुकाट्यानं लिहिलं, निवृत्त, नाबाद.

“सापडली,” माया स्वतःशीच म्हणाली. सांगायला हरकत नाही, तिला आनंद झाला. पंचवीस वर्षांपूर्वीची ती सातव्या नंबरची पोरगीच जणू तिच्या हाती लागली होती. नियम तिला पाठ होता. दुखापत, आजारपण किंवा टाळता न येणारं कारण असेल आणि खेळाडू निघून गेला, तर नाबाद. मनानं निघून गेला आणि परतला नाही, तर बाद. तिनं तिथूनच ओमप्रकाशजींना फोन लावला. वेगवान गोलंदाज आली की पोरगी पळते, सरासरी राखते; सहाच्या सहा डाव बाद धरा, म्हणाली. ओमप्रकाशजींना कागद लागला नाही. “अठ्ठावीस,” ते म्हणाले. “मग प्राजक्ता.” माया म्हणाली, प्राजक्ताच.

फोन ठेवते तोवर आचल पॅड न सोडताच बाजूच्या फाटकातून बाहेर पडली होती. इतकी घाई कशाची? मायाच्या मनात नको ते आलं. कुणीतरी मोटारसायकलवर थांबला असणार. तेही पाहून घ्यावं म्हणून तिनं आपली स्कूटी काढली आणि पोरीच्या ऑटोमागे लावली. पण ऑटो थांबला तो मायाच्या रोजच्या जागी, बसस्थानकावर. आचल किट ओढत धावली आणि कडेच्या फलाटावरून निघालेल्या लाल गाडीच्या दाराला तिनं हात घातला. दारात मायाचाच सहकारी होता, बंडू कंडक्टर. त्यानं आधी पोरीला वर घेतलं, मागे स्कूटी सोडून धावत आलेली माया दिसली तर तिलाही.

कुठं निघाल्या मायाताई, त्यानं विचारलं. मायानं पोरीकडे बोट केलं. बंडूला त्यात नवल वाटलं नाही. दर रविवारचं आहे, म्हणाला. सावरखेडची ही शेवटची गाडी. हिच्या बापाची एकच अट, शेवटच्या गाडीनं पोरगी घरात, नाहीतर खेळ बंद. फाट्यावर बॅटरी घेऊन उभा असतो. माणूस वाईट नाही, पण रस्त्याचा भरवसा नाही त्याला, शहराचा नाही आणि क्रिकेटचा तर नाहीच नाही. पोरीच्या किटला कधी हात लावत नाही, जसं काही विटाळ होईल.

माया आचलच्या शेजारी जाऊन बसली. आपण कोण ते सांगितलं. पोरगी दचकली आणि पॅडचे पट्टे सोडायला लागली.

“त्या प्रियदर्शनीले भेली का तू?” मायानं सरळच विचारलं.

आचलनं मान वर केली. “तिलेच खेयाचं होतं, मॅडम. दर खेपेले ती येते तवाच माह्या गाडीचा टाइम होते. सकायच्या मॅचमंदी आऊट झाली ना मी, तिनंच केलं. पन दुपारच्या मॅचमंदी आपले किती झाले असते, हे मले कधी समजतच नाई.”

“मंग नॉट आऊट कावून लिवाले लावतं?”

“मी नाई सांगतलं कोनाले. त्या लिवनाऱ्यायले वाटते, पोट्टीवर मेहरबानी करून राहिलो.” पोरगी खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “मले त नॉट आऊटचा कंटाया आला, मॅडम.”

आयुष्यात हजारो लोकांचा खोटेपणा मायानं अचूक पकडला होता, आणि पहिल्यांदाच खरेपणा पकडला तोही उलटा धरून. तिनं फोन काढला. भातकुलीच्या अलीकडे रेंज येत-जात होती. ओमप्रकाशजी भेटले तेव्हा नाव नागपूरला पोचलं होतं. तिनं सगळं सांगितलं, नाव बदला म्हणाली. ते शांतपणे म्हणाले, “ताई, दुपारी तुमीच म्हणालात बाद, आता म्हणता नाबाद. नागपूरवाले हासतील आपल्यावर. आन गाडी सुटनं हे काही टाळता न येणारं कारण नाही. ऑटो आहे, टॅक्सी आहे.” अकोल्यात दुकानासमोरून ऑटो जातात, हे खरंच होतं. सावरखेडला शेवटच्या गाडीनंतर काहीच जात नाही, हेही तितकंच खरं होतं, पण ते त्यांच्या आकड्यांत कुठं बसवायचं हे मायाला सांगता येईना.

फाट्यावर बॅटरीचा उजेड दिसला. पांढऱ्या टोपीतला नत्थुजी ढोरे पोरीकडे न पाहता वळून चालू लागला आणि पोरगी किट ओढत त्याच्या मागे गेली. रिकाम्या गाडीतून माया परत आली. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

पुढच्या रविवारी तिनं बंडूशी ड्यूटी बदलून घेतली. मायाताई स्वतःहून रविवार मागतात म्हटल्यावर बंडूलाच संशय आला, पण सुट्टी कोण सोडतो?

गाडीची वेळ झाली. फलाटावर आचल नव्हती. ड्रायव्हरनं इंजिन सुरू करून मागे पाहिलं. माया दारात उभी होती, घंटीची दोरी तिच्या डोक्यावर लोंबत होती, पण हात वर जात नव्हता. कंट्रोलरनं शिट्टी मारली. मग दुसरी. मायानं उगाच तिकिटाचं मशीन उघडून बंद केलं आणि रोल अडकला म्हणून सांगितलं. मागच्या सीटवरची सुंदराबाई नावाची म्हातारी शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, “रोल-बिल काई नाई. कोनाची तरी वाट पाहून राहिली बाई. मले तिच्या तोंडावरूनच समजते.” मायाला मनातल्या मनात हसू आलं. इतकी वर्षं जे तिनं लोकांना केलं, ते आज तिच्या वाट्याला आलं होतं. कंट्रोलर रिपोर्ट करीन म्हणाला. करा, म्हणाली ती.

उजेड मावळायला लागला तेव्हा आचल धावत आली. पॅड तसेच, केस घामानं कपाळाला चिकटलेले. आज डाव अर्धा सोडवला नाही, आता गाडी गेली असणार, म्हणून ती रडतच आली होती. उभी गाडी पाहून थांबली, मग दारातल्या मायाला पाहून तिच्या सगळं लक्षात आलं.

“आऊट झाली, मॅडम,” ती म्हणाली. परीक्षेत पास झाल्याचं सांगावं तसं.

“किती?”

“एकसष्ट. प्रियदर्शनीनं मधली दांडी उडवली. पन त्याच्या आंदी तिले लई मारलं मी.”

मायानं डबल बेल दिली. गाडी शहराबाहेर पडली, तिकिटं काढून झाली. मग ती आचलपाशी बसली आणि नाव नागपूरला का गेलं नाही, कुणाच्या फोनमुळे गेलं नाही, ते तिनं लपवाछपवी न करता सांगून टाकलं. पोरीनं ऐकून घेतलं. कितीतरी वेळ ती मांडीवरच्या हेल्मेटचा पट्टा लावत नि काढत राहिली. डोळे भरले होते, पण रडली नाही.

“मंग आज थांबल्या कावून?” तिनं विचारलं.

“तुह्ये किती होतात ते मलेही पाहाचं होतं,” माया म्हणाली. याहून खरं तिला काही सुचलं नाही.

फाट्यावर अंधार दाटला होता. नत्थुजी नेहमीच्या जागी नव्हता. बॅटरीचा उजेड रस्त्यानं पुढे येत होता. गाडी पाहून तो तिथल्या तिथे थांबला. आचल उतरली. त्यानं उजेड आधी पोरीच्या तोंडावर टाकला, मग पायातल्या पॅडवर, मग दारातल्या मायावर.

“शेवटच्या गाडीनंच आली मी, बाबा,” आचल म्हणाली.

“ते दिसून राहिलं. गाडीले एवढा येळ कावून झाला, बाई?”

माया खालच्या पायरीवर उतरली. “टाळता न येणारं कारण होतं, भाऊ,” ती म्हणाली.

नत्थुजीचा त्यावर विश्वास बसला नाही, हे त्या उजेडातही दिसत होतं. तो मायाकडे बराच वेळ पाहत राहिला. तिनंही नजर वळवली नाही. मग त्यानं बॅटरी पोरीच्या हातात दिली, खाली वाकून किटची बॅग उचलली, खांद्यावर टाकली आणि गावाच्या वाटेला लागला. आचल त्याच्या पुढे उजेड दाखवत चालली. ती दोघं वळणाआड जाईपर्यंत मायानं बेल दिली नाही.