वाफेने भरलेला एक तास

साबणाच्या वडीएवढा, खिशात मावणारा एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे मी, मित्रांनो. माझ्या पोटात फक्त तासाभराची जागा आहे. पाठीवर लाल बटण आणि इवलासा पडदा, पुढे वाटाण्याएवढा डोळा आणि डोळ्याखाली चार बारीक भोके. ती भोके म्हणजे माझे कान. पण माझ्या कानांची चौकशी आजवर कुणी केली नाही. मला हातात घेणारा प्रत्येक जण माझा डोळाच पाहतो.

एका मोठ्या कारखान्यात माझा डोळा उघडला. पहिल्यांदा दिसला तो एका कामगार बाईचा पांढऱ्या हातमोज्यातला हात. बोटे हलली आणि बोटांच्या सावल्याही त्यांच्याबरोबर हलल्या. मी थक्कच झालो! जगात काही म्हणजे काहीच स्थिर नाही, हे कळले तेव्हापासून माझे आश्चर्य अजून संपलेले नाही.

तिथून मी अमेरिकेतल्या व्हर्मांटमधल्या एका गावच्या दुकानात आलो. फेब्रुवारीतल्या एका दुपारी बुटांवरचे बर्फ झटकत नोरीन आत शिरली. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ अशी ही बाई. विक्रेत्याने तिच्यापुढे एक भलामोठा कॅमेरा ठेवला.

"हा घ्या बाई. चंद्रावरचे खड्डेसुद्धा मोजता येतील."

"चंद्र घेऊन काय करू? मला माझा बाबा हवाय. आणि हे धूड त्याच्यासमोर धरलं, की तो कोर्टात साक्षीला बसल्यासारखा ताठ होईल. खिशात मावणारं काही आहे का? आणि परवडणारं?"

मग माझी आणि माझ्या दोन भावंडांची परीक्षा सुरू झाली. नोरीनने आम्हाला एकेक करून कोटाच्या खिशात घातले आणि झटक्यात बाहेर काढून पाहिले. जाड हातमोजा घालून बटण दाबता येते का, हे पाहिले. मग तिघांनीही त्या विक्रेत्याचे चित्र घेतले. एकाने त्याला हिरवा दाखवला, दुसऱ्याने अंधारात बुडवला. मी त्याला माणसासारखा दाखवला.

"हाच. बिचाऱ्याच्या नाकावरची पुटकुळीपण दिसतेय," नोरीन म्हणाली आणि एकशे वीस डॉलर मोजून मला घेऊन निघाली. आवाज कसा येतो, हे तिने विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही.

नोरीनचे वडील लूसियन गॅबरी यांच्या मालकीची मेपलची झाडी होती. थंडी ओसरू लागली की झाडांना भोके पाडून रस काढायचा आणि साखरघरात मोठ्या पसरट कढईत तो आटवून पाक करायचा, हे काम ते पन्नास वर्षे करत आले होते. लूसियनच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टर म्हणाले होते, "जगाल तुम्ही. पण स्वरयंत्र काढावं लागेल. बोलायचं ते पाटीवर लिहा."

आणि लूसियनची बायको आयडेला हिची नजर सहा वर्षांपूर्वीच गेली होती. उजेड आणि धुके, एवढेच तिला दिसे. नवऱ्याने पाटीवर काही लिहिले असते, तरी ते तिच्यापर्यंत पोहोचणार नव्हते. घरात हे सगळ्यांना ठाऊक होते. त्यावर कुणी बोलत मात्र नव्हते.

नोरीनने आधी घरच्या स्वयंपाकघरातच प्रयत्न केला. मला पाहताच लूसियन ताठ झाले. त्यांनी केस बसवले, खाकरले आणि म्हणाले, "मी लूसियन गॅबरी. वय एकाहत्तर. आज मंगळवार."

"बाबा, जनगणनेवाले नाही आलेत! काहीतरी बोल की."

"बोललो ना. आज मंगळवार."

असे चार वेळा झाले. चारही वेळा मंगळवारच निघाला, कारण चारही प्रयत्न एकाच संध्याकाळचे होते. शेवटी नोरीनने ते सगळे पुसून टाकले.

मग हंगामातला शेवटचा रस कढईत पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी लूसियनना इस्पितळात दाखल व्हायचे होते. नोरीनने या वेळी युक्ती केली. मी दिवसभर तिच्या गाडीत होतो आणि पार गारठून गेलो होतो. तिने मला तसेच उचलून साखरघरात आणले, बरण्यांच्या फळीवर दोन डब्यांच्या मध्ये लपवले, लाल बटण दाबले आणि लाकडे आणायला निघून गेली.

मित्रांनो, त्या वाफेचे काय वर्णन करू! कढईतून ती उसळत होती, आढ्याला भिडत होती, तिथल्या झडपांतून आभाळात जात होती, आणि गोडसर वासाने सगळे साखरघर भरले होते म्हणे. वास मला कळत नाही, पण आत पाऊल टाकणारा प्रत्येक जण आधी थांबून एक दीर्घ श्वास घेई. मी भान हरपून पाहत राहिलो. पण पाहिले ते फक्त एक क्षण. माझ्या थंडगार काचेवर ती वाफ येऊन बसली आणि माझे जग पांढरे झाले. तासभर पांढरेच राहिले. पन्नास वर्षे साखरघरात वावरलेल्या त्या घराला चष्म्यावर वाफ धरते हे चांगले माहीत होते. पण कॅमेऱ्यालाही डोळा असतो, हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

संध्याकाळी, लूसियन अजून साखरघरात कढई घासत असताना, नोरीनने मला घरातल्या जुन्या संगणकाला जोडले. त्याचा आवाज केव्हाच बसला होता. पडद्यावर पांढरे आले. तिने चित्र पुढे सरकवले, आणखी पुढे सरकवले. सगळेच पांढरे. ती रडू लागली.

"काय झालं गं?" आयडेलाने चुलीपाशी बसल्या बसल्या विचारले.

"पाणी शिरलं यात. सगळं वाया गेलं, आई. काहीच नाही आलं." नोरीनने मला सोडवून हातात घेतले. "पुसून टाकते. सकाळी दारात बाबाचे निदान दोन शब्द तरी घेते. जागा करायला हवी ना."

पुसण्याचे बटण तिने एकदा दाबले. 'नक्की पुसायचे का?' असे मी माझ्या पडद्यावर विचारले. मित्रांनो, मला एवढेच विचारता येते. माझ्या पोटात काय होते ते मला ठाऊक होते, आणि ते ओरडून सांगायला माझ्याकडे तोंड नव्हते.

"काहीच नाही म्हणजे काय दिसतंय?" आयडेला म्हणाली.

"पांढरं. नुसतं धुकं."

"धुकंच ना? मग रडतेस कशाला? सहा वर्षं मी तेच बघतेय. त्याचा आवाज लाव."

नोरीनचा अंगठा थबकला. मग तिने चालू करण्याचे बटण दाबले.

माझ्या चिमुकल्या भोंग्यातून आधी जाळाचा आवाज आला, मग रस खदखदल्याचा. आणि मग लूसियन!

"आयडेला, नाक झोपलं का तुझं? पाक झाला का सांग."

"नाही झाला. तुझ्यासारखाच आहे, नुसता उकळतोय."

"झालाच की, पळीवरून थेंब न पडता पडद्यासारखा उतरतोय बघ."

"मला पडदा दाखवतोस? वास म्हणतोय अजून तीन मिनिटं."

"बायकोचं नाक म्हणजे सरकारी घड्याळ. बरोबर असो नसो, ऐकावंच लागतं."

नोरीन रडता रडता हसली. आवाज लख्ख होता. शब्दन् शब्द कळत होता. लूसियन झाडांबद्दल बोलत होते, शेजाऱ्याच्या कुत्र्याला नावे ठेवत होते, गरम पाक बर्फावर ओतून चिवट झाला की तिकडच्या रीतीने आंबट काकडीच्या लोणच्याबरोबर खाताना पडलेल्या दाताची गोष्ट सांगत होते. त्यांच्या तोंडी कुठेही मंगळवार नव्हता.

मग माझ्यातूनच साखरघराचे दार वाजल्याचा आवाज आला. आयडेला नोरीनबरोबर आणखी बरण्या आणायला बाहेर गेली होती. साखरघरात लूसियन एकटेच उरले होते, आणि मी तिथे आहे हे त्यांना माहीत नव्हते. थोडा वेळ नुसतेच खदखदणे ऐकू आले. मग त्यांनी हाक मारली, "आयडेला." हळू, शेजारी बसलेल्याला मारावी तशी. थोडे थांबून पुन्हा, "आयडेला!" अंगणातून मारावी तशी. मग वैतागून, चष्मा सापडत नसल्यासारखी. मग लाडात येऊन. मग आजारी माणसाची, अर्धवट झोपेतली. एक माणूस एकच नाव किती तऱ्हांनी घेऊ शकतो! मी मोजत गेलो. अकरा झाल्या. बेचाळीस वर्षांच्या संसारातल्या सगळ्या हाका ते एकदा स्वतःच्या कानांनी ऐकून घेत होते. शेवटची हाक अर्धीच राहिली. दार उघडले, आणि ते चटकन म्हणाले, "बरण्या आणायला कॅनडाला गेला होतात का?"

इकडे स्वयंपाकघरात नोरीन चुलीपाशी सरकली. आयडेलाने हात पुढे केला. नोरीनने मला तिच्या तळहातावर ठेवले.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

शस्त्रक्रिया पार पडली. गळ्याला पट्टी बांधून लूसियन घरी आले तेव्हा झाडांना पालवी फुटली होती. त्यांनी सवयीने पाटी घेतली, काहीतरी लिहिले, बायकोकडे पाहिले आणि पाटी उलटी ठेवून दिली. दोघे जेवणाच्या टेबलाशी बसले. आयडेलाचा हात चाचपडत माझ्यापर्यंत आला. बटण तिने बोटाने शोधले, पण तिला हवी होती ती जागा चुकली. मी मधूनच सुरू झालो. माझ्यातून अंगणातली हाक आली, चांगली खणखणीत, "आयडेला!"

"आले रे, ओरडू नकोस!" ती पटकन म्हणाली आणि खुर्चीतून अर्धी उठलीही.

शेजारी बसलेले लूसियन हसायला लागले. त्यांचे खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण आवाज अजिबात नव्हता. आयडेलाला काही दिसत नव्हते. त्यांचे हसू तिला ऐकूही येत नव्हते. खुर्ची कुरकुरली म्हणून तिने हात लांब करून नवऱ्याच्या पाठीवर ठेवला. पाठ हलत होती. तिने तळहात घट्ट दाबला.

"हसतोयस होय रे, गाढवा?" ती म्हणाली आणि स्वतःही हसू लागली. पाठीवरचा हात तिने कितीतरी वेळ काढला नाही.

पुढे फोनमध्येच कॅमेरे आले. माझी किंमत राहिली नाही. माझी बॅटरी आता दहा मिनिटेही टिकत नाही. नोरीनने माझ्यातल्या त्या तासाच्या चार प्रती काढून ठेवल्या आहेत, म्हणून मी निर्धास्त आहे. तुमच्याही घरच्या कपाटात माझे एखादे भावंड पडले असेल. त्याला टाकून देण्यापूर्वी एकदा चालू करा. चित्र फसले असेल तरी शेवटपर्यंत ऐका आणि मगच काय पुसायचे ते पुसा.

आणि मित्रांनो, आणखी एक गोष्ट मागतो. त्या दिवशी टेबलावर माझा डोळा उघडा होता, कानही उघडे होते, तरी त्या हाताला पाठीतून जे कळले ते मला कुठूनच कळले नाही. म्हणून आपल्या माणसांचे चित्र घ्या, आवाज घ्या, आणि मग मला फळीवर ठेवून त्यांच्या जवळ जाऊन बसा. ते काम मला जमत नाही.