पूजेत बसवलेली लेन्स

मित्रांनो, कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला जो काचेचा डोळा असतो, त्याला लेन्स म्हणतात. तशीच मी एक, आता जुनी झालेली, बुटकी आणि रुंद नजरेची. जर्मनीतल्या एका कारखान्यात माझ्या काचा घासून गुळगुळीत केल्या, पितळी कड्यांत बसवल्या आणि बोटीने मी हिंदुस्थानात आले.

१९५६ साली बंगळूरच्या छावणी भागातल्या दुकानात चंद्रकांत नावाचे इंजिनिअर आले. बरोबर दहा वर्षांची मुलगी सुलभा होती. त्यांना घरच्यांचे आणि नव्या कुत्र्याचे फोटो काढायचे होते. दुकानदार हयवदनरावांनी आधी सुलभालाच विचारलं, "घरातली मोठी खोली किती पावलांची?"

"अकरा. माझी पावलं."

"मग ही बुटकी घ्या. लांब लेन्स घेतलीत तर तुम्हाला फोटोसाठी रस्त्यावर उभं राहावं लागेल. कुत्रा माणसाला जवळ येऊ देतो ना?"

"तो चोरालासुद्धा येऊ देईल," चंद्रकांत म्हणाले.

त्या अकरा पावलांत आई हेमलता, आत्या अनुसूया, सुलभा आणि पिल्लू तिम्मा, सगळे माझ्या नजरेत मावत. फक्त तिम्मा क्षणभरही स्थिर बसत नसे. प्रत्येक फोटोत त्याच्या जागी एक पांढरा फराटा उमटे.

मग एकदा चंद्रकांतांनी मला आत्यांच्या अगदी तोंडाशी नेलं. रुंद नजरेच्या लेन्सला इतकं जवळ नेलं की पुढची वस्तू मोठी दिसते. तो माझा स्वभावच आहे. फोटो हातात घेऊन आत्या म्हणाल्या, "चंद्रा, हे माझं नाक की पडवळ?"

पुढच्याच महिन्यात घरात लांब लेन्स आली. ती दुरूनच चेहरे सुरेख टिपायची. तिम्माच्या मिशांचा केस न् केस दिसू लागला. आत्याही म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. आता मी माणसात आले." मी कपाटातल्या डब्यात गेले आणि नऊ वर्षं तिथेच राहिले. आल्बम भरत गेला. त्यात घरातला प्रत्येक जण होता, पण कोणीच कोणाच्या शेजारी नव्हतं.

१९६५ च्या दसऱ्याच्या सुमारास सुलभाचं लग्न महिन्यावर आलं होतं आणि तिम्मा मरायला टेकला होता. तिने एकच मागितलं, "अण्णा, आपल्या सगळ्यांचा तिम्माबरोबर एक फोटो. एकच."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नवमी होती, म्हणजे आयुधपूजा. त्या दिवशी घरातली कामाची हत्यारं पाटावर मांडतात, कुंकू लावतात आणि दुसऱ्या सकाळपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. कॅमेरा पूजेत गेला तर फोटो कसा निघणार? चंद्रकांतांनी युक्ती केली. कॅमेऱ्याच्या वतीने त्यांनी मला पाटावर बसवलं, विळी आणि पान्याच्या मध्ये. आत्यांनी माझ्या काचेवर ओल्या कुंकवाचा टिळा लावला. नऊ वर्षांनी मला मान मिळाला, मित्रांनो, आणि मला वेड्यासारखा आनंद झाला.

दुपारी तिम्मा कोठीच्या खोलीत पोत्यावर पडला होता. उचललं की विव्हळत होता. तिघी त्याच्याभोवती बसल्या. चंद्रकांतांनी लांब लेन्स डोळ्याला लावली. ते मागे सरकले. पाठ भिंतीला टेकली.

"तुझी हनुवटी आणि त्याचा कान, एवढंच येतंय," ते सुलभाला म्हणाले. मग हळूच आत्यांना, "अक्का, ती बुटकी लागेल."

आत्या तिम्माला चमच्याने ताक पाजत होत्या. त्यांचा हात थांबला. "पूजेतलं उचलायचं नाही, चंद्रा. एका वर्षी आमच्या यांनी पूजेतली सायकल काढली होती. स्वल्प काम आहे म्हणाले आणि गेले. आले का परत?"

सुलभा म्हणाली, "राहू द्या अण्णा. उद्या सकाळी काढू."

मी बारा पावलांवर, कोठीच्या उघड्या दारासमोर पाटावर होते. कुंकवामुळे मला सगळं लालसर दिसत होतं, तरी चौघंही माझ्या नजरेत पुरे मावत होते. पण मला हात नाहीत, आवाज नाही. चंद्रकांत माझ्याकडे दोनदा पाहून गेले.

पहाटेच्या आधीच तिम्मा गेला.

दसऱ्याच्या सकाळी आत्यांनी मला स्वतः उचललं. पदराने काच पुसली, कडेचं कुंकू नखाने काढलं. "घे चंद्रा," त्या म्हणाल्या, "आता चालेल." त्यांचा हात बराच वेळ पुढे होता. कोणी मला घेतलं नाही. शेवटी सुलभाने आत्यांचा हात माझ्यासकट आपल्या दोन्ही हातांत धरला.

मित्रांनो, आत्यांना दोष देऊ नका. चेहरा हवा असेल तर लांब लेन्स घ्या, सगळी माणसं एकत्र हवी असतील तर माझ्यासारखी घ्या, एवढं तर कोणीही दुकानदार सांगेल. पण घरात कोणी थकलेलं असेल, मग ते माणूस असो की जनावर, तर फोटो उद्यावर टाकू नका. आम्ही वस्तू नुसत्या पाहू शकतो. उचलायला तुमचाच हात लागतो.