फ्रिजच्या नावाची जर्सी

मी एक जुनी पिवळी जर्सी आहे. मित्रांनो, जवळ या, पण आधी हात दाखवा. शाई, तेल, चॉकलेट काही लागलेलं नाही ना? राग मानू नका, माझा स्वभावच संशयी आहे. जिच्यावर पन्नास वर्षं 'खरी की खोटी' म्हणून संशय घेतला गेला, ती कुणावर चटकन विश्वास कसा ठेवणार? दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं.

माझा जन्म १९७२ सालच्या हिवाळ्यात इटलीतल्या वारेसे नावाच्या गावी झाला. गाव उत्तरेकडचं, आसपास तळी, लांबवर बर्फाचे डोंगर. मोठं युद्ध संपलं त्याच वर्षी, १९४५ मध्ये, तिथल्या लोकांनी बास्केटबॉलचा क्लब काढला. घरात धड साखर नव्हती, पण क्लब हवा! आणि क्लब निघाला तो असा की मोठमोठ्या राजधान्यांचे संघ त्याच्याकडून हरून परत जाऊ लागले. १९७० पासून सलग दहा वर्षं हा संघ युरोपच्या अंतिम सामन्यात पोचला आणि त्यातले पाच सामने त्याने जिंकले. बहात्तर साली तर अवघ्या एका गुणाने.

आता तिथला एक रिवाज नीट ऐका, कारण माझी सगळी रडकथा त्यातूनच निघाली. जी कंपनी क्लबचा भार उचलते, तिचंच नाव संघाला मिळतं. कपड्यावर कोपऱ्यात छापण्यापुरतं नव्हे, संघ त्याच नावाने ओळखला जातो. माझ्या वेळी हा भार फ्रिज बनवणाऱ्या एका कंपनीने उचलला होता. त्यामुळे माझ्या छातीवर वारेसे हे नाव कुठेच नाही, फ्रिजचं नाव आहे. हजारो माणसं घसा फोडून ओरडायची ती फ्रिजच्या नावाने! तिथे कुणाला त्याचं हसू येत नसे.

मी सामन्याची जर्सी नव्हते. सरावाची होते, आणि त्यातही शिल्लक राहिलेली. हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही नंतर म्हणाल की थापा मारते.

क्लबचे कपडे जिनो नावाचा एक म्हातारा सांभाळायचा. संशय मी त्याच्याकडूनच शिकले. रोज संध्याकाळी तो जर्सी मोजायचा, एक कमी भरली की सगळ्या खेळाडूंच्या पिशव्या उघडायला लावायचा. धुलाईत अदलाबदल होऊ नये म्हणून त्याने प्रत्येक जर्सीच्या गळ्याच्या आत लाल दोऱ्याने खूण घातली होती. कुणाची फुली, कुणाचे दोन टाके. आपल्याकडे धोबी बिब्ब्याने खुणा करायचे, तसंच ते. माझ्या गळ्यात मात्र खूण नव्हती, कारण मी कुणाचीच नव्हते.

त्या हिवाळ्यात हैदराबादचा एक तरुण तिथे आला. नाव हिम्मतराव, वय चोवीस, उंची सहा फूट एक इंच. कुकटपल्लीच्या बाजूला फ्रिजचा एक कारखाना होता, तिथे तो नोकरीला होता. कारखान्याने त्याला सहा महिने काम शिकायला या इटलीच्या कंपनीत पाठवलं होतं. दिवसभर तो कॉम्प्रेसर जोडायचा आणि संध्याकाळी क्लबच्या मैदानात येऊन पायऱ्यांवर बसायचा. काचीगुड्याच्या गल्लीत बास्केटबॉल खेळत वाढलेला पोरगा, त्याचे पाय दुसरीकडे कुठे वळेनात.

जिनोला तो चोर वाटला. मलाही वाटला. रोज येतो, काही बोलत नाही, नुसता टक लावून बघतो, म्हणजे काय? एकदा त्याच्या पिशवीत एक बरणी सापडली. जिनोने हुंगून पाहिलं, बोट घातलं, चाटलं आणि खोकून खोकून लाल झाला. ते अंबाडीचं लोणचं होतं, हैदराबादेत ज्याला गोंगुरा म्हणतात ते. दुसऱ्या दिवशी जिनोने स्वतःच ती बरणी मागितली. मग मात्र दोघांचं मेतकूट जमलं.

मार्च महिन्यात मॉस्कोच्या फौजी संघाशी अंतिम सामना होता. त्याआधी एका संध्याकाळी एक खेळाडू तापाने पडला आणि सरावाला दहा माणसं भरेनात. प्रशिक्षकाने पायऱ्यांकडे बघून बोट केलं. जिनोने मला खुंटीवरून काढून हिम्मतरावाच्या अंगावर फेकलं. वीस मिनिटं तो युरोपच्या विजेत्यांबरोबर धावला. त्याचं काळीज केवढ्याने उडत होतं ते मला माहीत आहे, कारण ते माझ्याच खाली उडत होतं.

सराव संपल्यावर जिनोने चष्मा लावला, सुईत लाल दोरा ओवला आणि माझ्या गळ्यात तीन बारीक टाके घातले. मग मला हिम्मतरावाच्या हातात दिलं आणि वहीतून माझा आकडा खोडला. मी कुणाची तरी झाले. मला इतका आनंद पुन्हा कधी झाला नाही.

वारेसेने तो अंतिम सामना जिंकला आणि हिम्मतराव मला घेऊन काचीगुड्याला परतला. स्टेशनजवळच्या घरी सगळी मित्रमंडळी जमली. त्याने मला उंच धरून दाखवलं. त्याचा जिवलग मित्र अंबाजी पुढे झाला, माझ्या छातीवरचं नाव त्याने मोठ्याने वाचलं आणि जो हसत सुटला!

"अरे हिम्मत, ये तो फ्रिज मेकॅनिक का डिरेस है मियाँ! युरोपचे चँपियन फ्रिजचं नाव लावून पळतात का रे? मला काय येडं समजतो?"

हिम्मतरावाने तो रिवाज समजावून सांगायचा प्रयत्न केला. जितकं समजावलं तितकं लोक जास्त हसले. कारखान्यात गेला होता, कारखान्याचा कपडा घेऊन आला, असाच सगळ्यांनी अर्थ लावला.

पुढल्या वर्षी त्याचं लग्न झालं. त्याची बायको कुसुम मोठी चाणाक्ष. तिने माझं नाव वाचलं नाही, मला उलटं केलं. गळ्यातले तीन लाल टाके पाहिले, त्यावरून नख फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला. इतका सुबक टाका पुरुषाच्या हातचा असेल, हे तिला पटेना. परदेशात सहा महिने एकटा राहिलेला नवरा, आणि गळ्यात लाल दोरा! तिने विचारलं काहीच नाही. घडी घातली आणि मला ट्रंकेत सगळ्यात खाली डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवलं. मी ओरडून सांगणार होते की बाई, तो म्हातारा जिनो होता, नाकात केस असलेला! पण कपड्याला तोंड कुठे असतं?

हिम्मतरावाने नोकरी सांभाळून जामबागच्या एका शाळेत तीस वर्षं मुलांना बास्केटबॉल शिकवलं. सुरुवातीला तो आपली गोष्ट सांगायचा. मुलांनी त्याचं नाव 'फ्रिज सर' ठेवलं. मग त्याने सांगणं सोडलं. ट्रंक वर्षातून एकदा उघडायची तेव्हा तो लांबूनच बघायचा आणि कुसुमताई त्याच्या बघण्याकडे बघायच्या. घरात भांडण नव्हतं, पण माझ्याएवढी एक पिवळी जागा होती जिथे कुणी पाय ठेवत नव्हतं.

अशी पन्नास वर्षं गेली. हिम्मतराव आता सत्त्याहत्तरचे आहेत. त्यांची नात राणी तेरा वर्षांची, शाळेच्या बास्केटबॉल संघात आहे. या वर्षी शाळेने मुलांना घरातली एक जुनी वस्तू आणून तिची गोष्ट सांगायला बोलावलं. राणी आजोबांकडे गेली. "आजोबा, तुमच्याकडे काही व्हिंटेज आहे का? सगळे तांब्या-पितळच आणणार, सो बोरिंग!"

आजोबांनी मला बाहेर काढलं. किती वर्षांनी त्यांचे हात माझ्यावरून फिरले! त्यांनी राणीला सगळं सांगितलं आणि राणीने डोळे मोठे करून ऐकलं.

राणीची आई अपर्णा पुण्याची, इथे संगणकाच्या कंपनीत नोकरी करते. तिचा मला पहिल्यापासून संशय होता. कपाट आवरायला निघाली की ती मला कपड्यांवर भांडी देणारीच्या पाटीत टाकणार, अशी माझी खात्री होती. त्या संध्याकाळी तिने फोनवर वारेसेचा संघ शोधला. आजचे खेळाडू लाल-पांढऱ्या कपड्यांत, नाव तिसरंच. ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "गौतम, रंग वेगळा, नाव वेगळं. बाबा गोष्ट रंगवून सांगत असतील. स्टेजवर राणी तोंडघशी पडेल रे."

हिम्मतराव पाणी प्यायला उठले होते, ते दाराबाहेरच थांबले. त्यांनी ऐकलं. मी खुर्चीच्या पाठीवर होते, मला त्यांचा चेहरा दिसला. तो चेहरा मी अंबाजी हसला तेव्हा पाहिला होता, पण तेव्हा तो तरुण होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी त्यांनी मला उचललं, खाली नेलं, बादलीत बुडवलं आणि माझ्याने स्कूटर पुसायला लागले. मित्रांनो, माझ्याशी लोक कसेही वागले, ते मी सोसलं. पण ज्याची मी झाले होते त्यानेच मला चाकाचा चिखल पुसायला घ्यावं? मला रडूच आलं असतं.

तेवढ्यात जिन्यावरून कुसुमताई आल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या एरवी खाली उतरत नाहीत.

"अहो, काय करू लालाव हे? द्या इकडं!" त्या आपल्या हैदराबादी मराठीत कडाडल्या आणि त्यांनी मला हिसकावून घेतलं.

"राहू दे कुसुम. कुणाला खरं वाटत नाही. चिंधीच आहे ती."

"मग चिंधी पन्नास वर्षं जपली कैकू?" त्यांनी माझा ओला गळा उलटा करून हिम्मतरावांपुढे धरला. "हा दोरा कुणाचा? कोण होती ती?"

हिम्मतराव बघतच राहिले. "होती? अगं, जिनो होता तो! कपडे सांभाळणारा म्हातारा! प्रत्येकाच्या जर्सीला तो खूण करायचा. मला केली म्हणजे मीही त्यांच्यातला, असं त्याला म्हणायचं होतं. तुला काय वाटलं?"

कुसुमताईंना काय वाटलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. त्या मला घेऊन वर आल्या. विश्वास बसला होता असं नाही, फक्त प्रश्न बाहेर पडला होता.

वर अपर्णा फोन घेऊन धावतच आली. रात्री तिला चैन पडलं नव्हतं म्हणून तिने त्या सालातले जुने फोटो शोधले होते. फोटोत पिवळ्या जर्सी घातलेले उंच खेळाडू उभे होते आणि प्रत्येकाच्या छातीवर माझंच नाव! पुढे याच संघाने फर्निचरवाल्यांचं नाव लावलं, मग टीव्हीवाल्यांचं, हेही तिने वाचून दाखवलं. "बाबा, मला माफ करा. मी अर्धवट बघून बोलले." मी तिच्याबद्दल जे जे मनात आणलं होतं, ते सगळं मला मुकाट्याने गिळावं लागलं.

राणीने उड्या मारल्या. पण हिम्मतराव फोटोकडे बघत नव्हते, ते कुसुमताईंकडे बघत होते.

"जर्सी खरी आहे, हौ," कुसुमताई म्हणाल्या. "पण हे खेळले, ते फोटोत कुठं आहे?"

कुठेच नव्हतं. त्या संध्याकाळचा फोटो कुणी काढला नव्हता. त्याला साक्षीदार एक मी, आणि मी मुकी.

मग कुसुमताईंनी विचारलं, "तुम्ही किती टाकले?"

"काय?"

"चेंडू. त्या जाळीत. किती टाकले त्या दिवशी?"

हिम्मतरावांनी मान खाली घातली. "एक."

"एक?"

"एकच. तोही फळ्याला लागून गेला. बाकीचे सगळे चुकले."

कुसुमताईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्या हसायलाही लागल्या. "खोटं बोलणारा माणूस दहा म्हणाला असता हो," त्या म्हणाल्या. "निदान पाच तरी."

त्या दुपारी त्यांनी मला स्वतःच्या हाताने धुतलं. माझी काखेतली शिवण उसवली होती, ती शिवायला घेतली. मध्येच सुई थांबवून विचारलं, "त्या जिनोला मुलगी-बिलगी होती का?" हिम्मतराव म्हणाले, "तीन मुलगे होते." मग सुई पुन्हा चालू लागली.

कार्यक्रमाच्या दिवशी राणीने मला अंगात घातलं होतं. मी तिला गुडघ्यापर्यंत येत होते. तिने क्लबची गोष्ट सांगितली, फ्रिजच्या नावाची सांगितली, लोणच्याची सांगितली आणि शेवटी म्हणाली, "माझ्या आजोबांनी त्या दिवशी एक बास्केट टाकली." मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला, "फक्त एक?" सगळे हसले. हिम्मतराव खुर्चीत आक्रसले. हे हसू त्यांच्या ओळखीचं होतं.

तेव्हा पहिल्या रांगेत कुसुमताई उठून उभ्या राहिल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "हौ, एक! युरोपच्या चँपियनसमोर एक. तू किती टाकलेस बाळा?"

सभागृहात टाळ्या पडल्या. हिम्मतरावांनी टाळ्यांकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी कुसुमताईंचा हात धरला आणि कार्यक्रम संपेपर्यंत सोडला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी म्हातारं माणूस असेल आणि त्याची एखादी गोष्ट तुम्हाला थाप वाटत असेल. वाटू द्या, शंका घेणं पाप नाही. मी तर जन्माची संशयी. पण शंका ट्रंकेत घालून ठेवू नका. त्यांच्यासमोर बसा आणि नीट विचारा. उत्तर एका शब्दाचं होतं, आणि त्यासाठी या घराने पन्नास वर्षं घालवली.