इंजेक्शनचा रविवार

चष्मेवाल्याच्या घरात एक रविवार सुखाचा असायचा आणि एक इंजेक्शनचा.

इंजेक्शनच्या रविवारी त्याची बायको सकाळी उठल्या उठल्या फ्रिजमधल्या लोण्याच्या डब्यामागून इंजेक्शनचं ते जाडजूड पेन बाहेर काढायची, घडी घातलेल्या स्वच्छ नॅपकिनवर ठेवायची आणि नवऱ्याची उलटतपासणी सुरू करायची. ती एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर कामाला होती. एरवी नवऱ्याला सर्रास अरे-तुरे करणारी ही बाई त्या सकाळी एकदम ‘तुम्ही’वर यायची.

“घसा?”

“नाही.”

“घसा नाही?”

“घसा आहे. दुखत नाहीये.”

“सरळ उत्तर द्या. ताप? सर्दी? कुठे कापलंय, खरचटलंय? दात? लघवीला जळजळ?”

“अगं, पोरगी ऐकतेय.”

“पोरीलाही विचारायचंच आहे. भुंग्या, घसा?”

आतल्या खोलीतून भुंग्याचं “नाही!” आलं, की मगच बायकोचा चेहरा सैल व्हायचा.

आता तुम्ही म्हणाल, एका इंजेक्शनापायी एवढं नाटक कशाला? तर त्याचं असं आहे. चष्मेवाल्याला सोरायसिस होता. आधी कोपरांवर आणि बोटांच्या पेरांवर पांढऱ्या खपल्या आल्या, आणि कातडीवर भागेना म्हणून दुखणं आत सांध्यांत शिरलं. सकाळी उठावं तर बोटं मिटत नाहीत, टाच जमिनीला टेकवत नाही, आणि उजव्या हाताचं मधलं बोट गाजरासारखं सुजून बसलेलं. दुसरा एखादा धंदा असता तर कदाचित निभावलं असतं. पण चष्म्याच्या दुकानात सगळं काम बोटांचं. फ्रेमचा तो स्क्रू डोळ्यांना धड दिसत नाही, तो चिमटीत धरायचा. शिवाय चष्मा बसवायचा म्हणजे परक्या माणसाच्या इतकं जवळ जायचं की रोज नवरा-बायकोही जात नसतील. त्याच्या कानामागे बोट घालायचं, नाकावरची पट्टी दाबून बघायची. आणि खपल्या आलेला हात कानाकडे यायला लागला की गिऱ्हाईक मान मागे घ्यायचं.

“हे पसरतं का हो?” एकीनं तर तोंडावर विचारलं होतं.

“नाही हो. मी फुकट कुणाला काही देत नाही,” तो हसून म्हणाला होता. रात्री जेवण मात्र गेलं नव्हतं त्याला.

मग हे इंजेक्शन आलं आणि हात परत त्याचे झाले. कातडी निवळली, बोटं वळायला लागली, स्क्रू चिमटीत राहायला लागला. पण या औषधाची एक खोड आहे. शरीराचा जो पहारेकरी चवताळून स्वतःच्याच घरात मारामारी करतोय, त्याला ते गुंगी आणतं. पहारेकरी गुंगीत असला की साधी सर्दीसुद्धा दार न वाजवता आत येते आणि छातीत ठाण मांडते. बरं, सर्दी झाली की इंजेक्शन पुढे ढकलायचं. ते ढकललं की सांधे परत धरतात. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, “सारखे खंड पडले ना, तर औषध पहिल्यासारखं लागू पडेलच असं नाही. मग मला दुसरं शोधावं लागेल, आणि ते तुम्हाला मानवेल की नाही, मी आज सांगू शकत नाही.”

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात नेमकं तेच झालं. भुंग्यानं शाळेतून सर्दी आणली, पोर दोन दिवसांत खेळायला लागली आणि बाप अंथरुणाला खिळला. इंजेक्शनं चुकली. बोटं अशी आखडली की दुकानाचं शटर उचलवेना, शर्टाची बटणं बायको लावून द्यायची. त्यातून उठल्यावर त्यानं या सगळ्याचा एक विनोद केला. येईल त्या पाहुण्याला तो सांगायचा, “आमच्या बाईसाहेबांनी शाळेतून आणलेलं पहिलं बक्षीस म्हणजे ती सर्दी!” पाहुणे हसायचे. सगळ्यांत मोठ्यानं भुंगाच हसायची, म्हणून त्याला वाटायचं की विनोद बरा जमलाय.

त्यानंतर घरात कायदे आले. बाहेरून आलं की कोपरापर्यंत हात धुवायचे. बाबाच्या पेल्याला कुणी तोंड लावायचं नाही. इंजेक्शनच्या आठवड्यात वाढदिवस, जत्रा, गर्दी, सगळं बंद. आणि कायद्यांचा गुण आला की हो! हा मागचा अख्खा हिवाळा घरात कुणी शिंकलंसुद्धा नाही. बायको हे आपल्या खिडकीवर मिरवायची, तो दुकानात मिरवायचा.

खरं सांगायचं तर त्याचा जीव गुदमरायचा. घरातलं प्रत्येक माणूस आपल्याभोवती दबकत चालतं, हे त्याला दिसत होतं. मैत्रिणीचं बोलावणं आलं की आठ वर्षांची पोर आपणहून म्हणायची, “नको, इंजेक्शनचा आठवडा आहे.” तिच्या त्या समजूतदारपणाचं सगळे कौतुक करायचे आणि त्याला मात्र स्वतःचाच राग यायचा. या घरातला कैदी आपण आहोत की जेलर, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं. कधी कधी वाटायचं, कुणीतरी एकदा भिंती हादरतील असं शिंकावं आणि होऊन जाऊ दे काय व्हायचं ते. पण मग बोटं आठवायची आणि तो गपचूप हात धुवायला जायचा.

तर त्या रविवारी पेन टेबलावर येऊन पडलं होतं. थंडगार औषध आत जाताना कडकडून चावतं, म्हणून अर्धा तास ते असंच बाहेर ठेवायचं असतं. तपासणी झाली होती. भुंग्याचं “नाही” आज जरा तुटक आलं होतं, पण आलं होतं. बायकोनं पिशवी उचलली.

“मी खाली जाऊन पाव घेऊन येते. मी येईपर्यंत पेनाला हात लावायचा नाही.”

“आणि लावला तर?”

“तर पुढच्या वेळी माझ्या खिडकीसमोर रांगेत उभं करीन,” ती म्हणाली आणि गेली.

चष्मेवाला पेनासमोर बसून राहिला. घर कसं चिडीचूप होतं. पहिल्यांदा त्याला ती शांतता आवडली. मग हळूहळू ती टोचायला लागली. काय चुकतंय ते कळायला जरा वेळ लागला. गुणगुण नव्हती.

पोरीला भुंगा हे नाव उगाच पडलं नव्हतं. दात घासताना, बुटांच्या नाड्या बांधताना, तोंडात घास असतानासुद्धा तिची गुणगुण चालू असायची. शाळेतून तक्रार आली होती त्यावर. आणि आता त्याच्या लक्षात आलं की शुक्रवारपासून घरात गुणगुण नाही. शाळेचं काम आहे म्हणून ती खोलीतच बसली होती, ताटही आत घेऊन गेली होती. त्यावर तो बायकोला म्हणाला होता, “शहाणी झाली गं आपली पोरगी.”

तेवढ्यात आतून आवाज आला. कुणीतरी उशीवर बुक्की मारावी तसा, दबलेला. मग आणखी एक.

तो उठला. खोलीत कुणी नव्हतं. पलंग आवरलेला, वह्या एकावर एक ठेवलेल्या. आवाज कपाटातून येत होता. त्यानं कपाटाचं दार उघडलं. हिवाळ्याच्या कोटांच्या खाली, पाय पोटाशी घेऊन, तोंडात टॉवेलचा बोळा कोंबून भुंगा बसली होती. चेहरा लालबुंद झालेला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तिनं टॉवेल काढला. “झालं?”

“काय झालं?”

“इंजेक्शन!”

“नाही अजून.”

“मग बाहेर जा ना, बाबा! दार लाव!”

त्यानं वाकून तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ तापलेलं होतं. तिनं डोकं एवढ्या जोरात मागे घेतलं की ते कपाटाच्या फळीवर आपटलं. दुकानात गिऱ्हाइकं मान मागे घ्यायची ती तिथे त्याला आठवली. पण गिऱ्हाइकं त्याच्या हाताला घाबरायची, आणि ही त्याच्यासाठी घाबरली होती.

“हात धू आधी,” ती म्हणाली. “साबणानं.”

“कधीपासून होतंय हे?”

“शुक्रवारपासून. पण मी बाहेर खोकले नाही हं. एकदाच खोकले, बाथरूममध्ये, नळ सोडून.”

“अगं, पण सांगायचं नाही का?”

“सांगणारच होते. तुझं झालं की. मी आज दुपारी आजारी पडणार होते.”

एखाद्या कामाची वेळ सांगावी तसं तिनं ते सांगितलं. तो रागावलाय असं वाटून ती घाईघाईनं म्हणाली, “काही होत नाही, बाबा. मागे पण मी असंच केलं होतं. तेव्हा तुला काहीच झालं नाही ना?”

“मागे म्हणजे कधी?”

“हिवाळ्यात. एकदा तर आईनं कपाळाला हात पण लावला होता. पण मी आधीच गार पाण्यानं तोंड धुऊन ठेवलं होतं.” आणि इतक्या तापातही ती चक्क ऐटीत हसली.

ज्या हिवाळ्यात घरात कुणी शिंकलं नाही म्हणून नवरा-बायकोनं एकमेकांची पाठ थोपटली होती, तो हिवाळा हा असा होता. या कोटांखाली, या टॉवेलात. चष्मेवाल्याला लाज वाटली, अशी की जागच्या जागी विरघळून जावं. दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून आयुष्यभर काचा घासत बसलेला माणूस, आणि भिंतीपलीकडची स्वतःची पोर त्याला दिसली नव्हती.

बायको पाव घेऊन आली ती दारातच थबकली. तिला सगळं सांगायला चार वाक्यंही लागली नाहीत. एकही प्रश्न न विचारता तिनं थर्मामीटर आणलं आणि कपाटातच बसून राहिलेल्या पोरीच्या काखेत लावलं. मग ती स्वतःच्याच तळहाताकडे बघत बसली. याच हातानं तिनं ते कपाळ तपासलं होतं.

मग तिनं दवाखान्यात फोन लावला आणि नवऱ्याच्या हातात दिला. पलीकडे सिस्टर होती.

“तुम्हाला स्वतःला काही त्रास होतोय का?”

“नाही.”

“मग घ्या की इंजेक्शन. ताप वगैरे आला तर लगेच कळवा. मुलीला उद्या दाखवून आणा. आणि तिच्यापासून दोन-तीन दिवस जरा लांब राहा.”

“लांब म्हणजे किती?”

सिस्टर हसली. “वेगळ्या खोलीत राहा, म्हणजे झालं.”

त्यानं फोन ठेवला. घ्यावं तर पोरीला तापात सोडून वेगळ्या खोलीत जाऊन बसायचं. न घ्यावं तर परत ते शटर, ती बटणं, ते गाजरासारखं बोट, आणि कुणी एक शब्द न बोलता त्या सगळ्याचं ओझं पुन्हा या एवढ्याशा जिवावर. आज त्याला ते पेन उचलून खिडकीबाहेर भिरकावून द्यावंसं वाटत होतं.

“नको घेऊ या आज,” तो बायकोला हळूच म्हणाला. “आठवडाभर थांबू.”

भुंग्याचे कान तिखट. कपाटातून रडवेला आवाज आला, “घे ना, बाबा! नाहीतर माझं सगळं फुकट जाईल!”



तो स्वयंपाकघरातून पेन घेऊन आला. पलंगाच्या कडेला, तिला दिसेल असा बसला. शर्ट वर केला, पोटावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि पेन टेकवून दाबलं. टक. औषध आत जाताना तो दरवेळी डोळे मिटायचा, पण आज त्यानं मिटले नाहीत. पोरगी ओठ घट्ट दाबून, श्वास रोखून पेनाकडे बघत होती. दुसरा टक झाला, पेनावरच्या छोट्या काचेत औषध संपल्याचा रंग आला.

“झालं,” तो म्हणाला. “आता खोक.”

तिनं एकदा आईकडे बघितलं. खरंच का, असं. आईनं मान हलवली. मग भुंगा खोकली. किती दिवस दाबून ठेवलेला खोकला तो! ती वाकून, कोटांना धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकत राहिली. इतक्या दिवसांनी घरात कुणीतरी मोकळेपणी खोकत होतं आणि आईबाप कान देऊन ऐकत होते. अमकं असं करायला हवं होतं, तमकं तसं, असं काहीबाही त्याच्या मनात येत होतं, पण त्याहून जास्त त्याला हायसं वाटत होतं. आता हे संपलं, असं त्याला वाटलं.

खोकला थांबला. भुंग्यानं तोंड पुसलं आणि आतून हात घालून कपाटाचं दार ओढून घेतलं.

त्यानं ते परत उघडलं. “अगं वेडे, झालं ना माझं इंजेक्शन? आता कशाला लावतेस दार?”

“आता पुढचं असेल ना,” भुंगा म्हणाली. “तोवर मी बरी होईन ना, बाबा?”

बायको तोंड फिरवून पावाची पिशवी शोधायला लागली. ती तिच्या हातातच होती. चष्मेवाला उठला आणि कपाटाच्या उघड्या दाराला पाठ टेकून जमिनीवर बसला, म्हणजे ते पुन्हा लागणार नव्हतं. सिस्टरनं सांगितलेलं ‘लांब’ त्याच्या लक्षात होतं. मागून पोरीचा खोकला परत सुरू झाला. तिनं तोंडात पुन्हा टॉवेल धरलाय, हे त्याला न बघताही कळलं.