उंच तारांची गिटार

मित्रांनो, दुकानात जिला सगळे हात लावायचे आणि घरी मात्र कोणीच न्यायचं नाही, ती विजेवर वाजणारी काळी गिटार मी. आता जुनी झाले. कारखान्यात माझ्यासारख्या कितीतरी जणी एकाच दिवशी तयार झाल्या. लाकूड साधं, रंगही साधा. पण तपासणाऱ्या बाईंनी मला छेडून पाहिलं, "ही छान बोलते," म्हणाल्या आणि पाठीवर चिठ्ठी चिकटवली. त्यानंतर बरीच वर्षं कौतुकाचा शब्द काही कानावर पडला नाही.

दुकानात आले त्याच दिवशी मालकांनी स्क्रू पिळून माझ्या तारा दांडीपासून उंच केल्या. अशा तारा दाबायला जोर लागतो, बोटं दुखतात आणि सूर फाटतो. मी सगळ्यांत स्वस्त ना! गिऱ्हाइकाच्या हातात आधी मला द्यायचं आणि मग शेजारची, थोडी महाग, लाल गिटार. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, तो दगड मी. लाल विकली जायची, तिच्या जागी नवी लाल यायची. मालक काही वाईट नव्हते हो, त्यांनाही घर होतं. पण माझा जीव तुटायचा.

एकदा एक बाई आल्या. शर्टांच्या कारखान्यात मशीनवर काजं करायच्या. त्यांच्या वहीत दोन रकाने होते, एक काळीचा आणि एक लालचा. वजन किती, दांडी हातात मावते का, पाठ किती वेळात भरून येते, सगळं लिहून घ्यायच्या; वाजवून मात्र बघायच्या नाहीत. तीनदा आल्या. तिसऱ्यांदा मालकांना म्हणाल्या, "माझ्या धाकट्या भावाने एक चाल बांधली होती. मला शिकवलीही होती. तो गेला, त्याची गिटारही गेली. चाल आता डोक्यात नाही राहिली, पण बोटांना आठवेल असं वाटतं. लाल काही परवडायची नाही. काळी द्या बघू."

मला वाटलं, चला, आपलेही दिवस फिरले.

पहिल्या दोन ओळी त्यांनी वाजवल्या. काय गोड चाल होती! तिसऱ्या ओळीला एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायच्या होत्या. त्यांनी बोट पांढरं पडेपर्यंत दाबलं आणि मी नुसती खरखरले. पाच वेळा खरखरले. मालक शेजारीच उभे होते.

"सवय लागते ताई," ते म्हणाले. "लाल जरा सोपी जाईल. बघता का?"

"नको. जी घेता येणार नाही, ती वाजवून तरी कशाला बघू? गिटारचा काय दोष, माझीच बोटं आता मशीनची झाली."

नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारे मी ढीगभर पाहिले होते. इथे अंगण खरोखरच वाकडं होतं आणि ती माउली आपल्याच पायांना बोल लावत होती. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. त्यांनी रुमालाने मला पुसलं, जागेवर ठेवलं आणि वही पिशवीत टाकून त्या निघाल्या. मालक दाराकडे बघत राहिले. मग दुसरं गिऱ्हाईक आलं. बाई पुन्हा कधी दिसल्या नाहीत.

पुढे दुकान बंद झालं. एका दुरुस्तीवाल्याने मला भंगाराबरोबर उचललं. एक डोळा मिटून त्याने माझ्या दांडीवरून नजर फिरवली. "अरेरे, हिच्या तारा कोणी एवढ्या उंच करून ठेवल्यात?" म्हणाला आणि स्क्रू फिरवले. दहा मिनिटं लागली असतील. मी वाजले, मोकळी वाजले. "गुणी पोर आहे," तो हसून म्हणाला. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला रडूच आलं. दहा मिनिटांचं काम, आणि तेवढ्यासाठी एका भावाची चाल जगातून गेली.

आता शिकणारी मुलं मला वाजवतात, जपतातही. तुम्हीही आपल्या वस्तू जपा. पण मित्रांनो, एखादं माणूस स्वतःच्या बोटांना दोष देत उठून चाललं असेल आणि खरी गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, तर गप्प बसू नका. ते दाराबाहेर पडायच्या आत त्याला हाक मारा.