सोळावरचा पाहुणचार

इराणमधल्या अहवाज शहरात उन्हाळ्यात पाहुण्याचा मान एसीच्या आकड्यावर ठरतो. शेजारी टेकला तर बावीस, नातलग आले तर वीस, आणि मुलीला मागणी घालायला कुणी आलं तर थेट अठरा. यदुल्लांनी दुपारपासूनच अठरा लावून ठेवला होता. बाहेर पारा एकोणपन्नासावर, आणि येणारे पाहुणे तब्रीझसारख्या थंड गावचे. बिचाऱ्यांना उकाड्याची झळ लागता कामा नये, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. पाइपांच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून लेकीला, मेहसीमाला, त्यांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं. आता पोरीचा जीव तिच्याबरोबर शिकलेल्या आयदिनवर जडला होता आणि आज तो आपल्या आईला घेऊन येणार होता. हे जमलं नाही तर पोर तक्रार करणार नाही, पण आतल्या आत मिटून जाईल, हे बापाला पक्कं ठाऊक होतं.

पाहुणे आले. आयदिनच्या आईला, सुरय्या खानूमना, यदुल्लांनी एसीच्या अगदी समोर बसवलं, कारण घरातली मानाची जागा तीच.

"उकडत नाही ना, खानूम?"

"छे हो, अगदी छान आहे."

भिडेपोटी बोलताहेत, यदुल्ला मनात म्हणाले, आणि त्यांनी हळूच सतरा केला.

"कलिंगड घ्या ना. बर्फात ठेवलेलं आहे."

"नको, खरंच नको."

बाईंनी डोक्यावरून पांघरलेली काळी चादर गळ्याशी घट्ट ओढून घेतली. काकडीला हात लावला नाही, सरबत ओठांना लावून खाली ठेवलं. आयदिन दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. तो काही बोलणार एवढ्यात आईने त्याच्याकडे असं बघितलं, की तो गप्प बसला. घर पसंत नाही की माणसं? यदुल्लांना दुसरा काही उपाय सुचेना, म्हणून त्यांनी सोळा केला. त्याखाली रिमोट जात नव्हता.

चहा आला तेव्हा सुरय्या खानूमच्या हातात पेला बशीवर खुळखुळ वाजत होता. त्यांनी तो एका घोटात संपवला आणि त्या ताडकन उठल्या.

"जरा स्वयंपाकघर बघते हं."

आता मात्र यदुल्लांची पाचावर धारण बसली. होणारी सासू स्वयंपाकघर बघते म्हणजे सून पारखते. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेवटी न राहवून ते दारापाशी गेले आणि तिथेच थबकले.

चुलीवर भाताचं पातेलं रटरटत होतं. एरवी त्या खोलीत जून महिन्यात उभं राहणं म्हणजे शिक्षाच. आणि सुरय्या खानूम पातेल्याला जवळजवळ मिठी मारून, दोन्ही तळवे वाफेवर धरून उभ्या होत्या. शेजारी मेहसीमा पोट धरून हसत होती.

"बाबा, त्या गारठल्यात हो!"

"मग बोलल्या का नाहीत?"

"तुम्ही एवढ्या मायेने विचारत होता," बाई म्हणाल्या, "नाही कसं म्हणू? मी छान म्हटलं तरी तुम्ही एक आकडा खाली आणला, गप्प बसले तरी आणला. आणखी दोनदा छान म्हटलं असतं, तर मला उचलूनच न्यावं लागलं असतं!"

यदुल्लांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी धावत जाऊन एसी बंद केला. मग चौघंही स्वयंपाकघरातच बसले. लग्नाचं बोलणं अर्ध्या तासात पक्कं झालं, तरी यदुल्ला चुळबुळत राहिले.

"माझी एकच अट आहे," शेवटी ते म्हणाले. "हिला थंडी सोसत नाही. हिवाळ्यात घर चोवीसच्या खाली जाऊ देऊ नका."

"चोवीस?" सुरय्या खानूम हसल्या. "अहो, बाहेर गुडघाभर बर्फ असला, तरी आमच्या घरात अठ्ठावीस असतं. हा आयदिन नुसत्या बनियनवर फिरत असतो. काळजी सोडा. आणि तुम्ही काय करणार? एकटेच सोळावर बसणार?"

"एकट्याला कशाला हवा एसी? मला पंखा पुरतो. हा सगळा थाट हिच्यासाठी होता."

ते सहज बोलून गेले. मेहसीमाचं हसू मावळलं आणि ती उगाचच पातेल्यावरचं झाकण सारखं करू लागली. एसी विकत घेतल्यापासून तो कुणासाठी चालत होता, हे तिला आजच कळत होतं.

"मग माझीही एक अट," सुरय्या खानूम म्हणाल्या. "उन्हाळ्याचे तीन महिने तुम्ही आमच्याकडे. खिडकी उघडली की झालं, तिथे एसी लागतच नाही. आणि थंडीत मी इथे येईन. माझ्या गुडघ्यांनाही जरा बरं वाटेल."

"अहो नाही, तुम्हाला उगाच त्रास..."

"आगा यदुल्ला, भिडेपायी मी तासभर गोठले. तुम्ही तरी ती चूक करू नका."

आयदिन खाली बघून हसला. मेहसीमा मात्र बापाकडेच बघत होती. 'नको' हा शब्द त्यांच्या अगदी ओठांवर होता, जन्मभराची सवय. त्यांनी तो गिळला, आणि ते स्वतःलाही परक्या वाटणाऱ्या आवाजात म्हणाले, "येईन."