करडीचा टचस्क्रीन

"जावईबापू, तुमी एकडाव बोट लावून पाहा. तुमचं बोट इंजिनिअरचं हाय."

भैय्याजींनी असं म्हटल्याबरोबर अभ्यासिकेत जमलेली माणसं बाजूला सरकली आणि त्यांच्या जावयाला, भुपेंद्रला, टेबलापर्यंत वाट मिळाली. टेबलावर गावाचा नवा लॅपटॉप उघडून ठेवला होता. पडद्यावर एक लाल फीत आणि खाली 'येथे स्पर्श करा' असं लिहिलेलं. सकाळपासून निम्म्या करडी गावानं तिथं स्पर्श केला होता. फीत जशीच्या तशी.

दुपारी भंडाऱ्याहून एक निवृत्त तहसीलदार येणार होते आणि टचस्क्रीनला बोट लावून अभ्यासिकेचं उद्घाटन करणार होते. तसं निमंत्रणपत्रिकेवर छापलंच होतं. छापणारे भैय्याजी. नागपूरच्या दुकानातून लॅपटॉप निवडून आणणारेही भैय्याजी. आणि गेला आठवडाभर गावातल्या एकेका ओट्यावर बसून, "आपल्या लॅपटॉपले बटना दाबाच लागत नाही, नुसतं बोट लावलं का झालं," असं सांगत सुटलेलेही तेच.

भुपेंद्रनं बोट लावलं. काही झालं नाही.

"बोट ओलं लागते," तलावात मासे धरणारा डोमा म्हणाला. त्यानं पाण्याच्या पेल्यात बोट बुडवून पडद्यावर टेकवलं. पडद्यावर पाण्याचा ओघळ आला, बाकी काही नाही.

"पुरुषाच्या बोटाचं कामच नाही हे. नरम बोट लागते," असं म्हणत कुंताबाई पुढं आली आणि बँकेत लावावा तसा अंगठा जोर देऊन दाबला. लॅपटॉप मागं सरकला.

"कोनीच हात लावू नका!" भैय्याजी ओरडले. "जावईबापू पाहून राहिले ना!"

जावईबापूंच्या पाठीवरून घामाची धार वाहत होती. पुण्याच्या एका मोठ्या कंप्युटर कंपनीत तो नोकरीला होता, हे खरं. पण तिथं तो एसी दुरुस्त करायचा. लग्न जुळवणाऱ्यानं 'कंप्युटर कंपनीत हाय' एवढंच सांगितलं होतं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. पुढचं 'इंजिनिअर' भैय्याजींनी आनंदाच्या भरात स्वतःच जोडलं आणि लग्नपत्रिकेवर छापून टाकलं. भुपेंद्रच्या हाती ती पत्रिका पडली तोवर ती सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत वाटून झाली होती.

कंपनीतले इंजिनिअर करताना पाहिलं होतं तसं त्यानं लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. लोकांनी श्वास रोखला. फीत परत आली आणि तशीच राहिली. मग त्यानं चार्जर काढून पाहिला, चष्म्याच्या फडक्यानं पडदा पुसला. सेटिंगमध्ये जाऊन चार खिडक्या उघडल्या, गंभीर तोंडानं वाचल्या आणि बंद केल्या.

त्याची बायको डिंपल कानाशी आली. "प्रफुल्लभाऊले फोन लावा न."

प्रफुल्ल म्हणजे कंपनीतला खराखुरा इंजिनिअर. फोनला रेंज मात्र फक्त तलावाच्या पाळीवर, तिथल्या उंच बांधावर. "जरा एकांतात तपासा लागीन," असं सांगून भुपेंद्र लॅपटॉप घेऊन निघाला. मागून डिंपल, लॅपटॉपवर ओढणीची सावली धरून. मे महिन्याच्या उन्हात पाळ तव्यासारखी तापली होती.

प्रफुल्लनं लॅपटॉप उलटा करायला सांगून खालचा नंबर मागितला. डिंपलनं एकेक अक्षर वाचलं. पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"भुप्या, या मॉडेलला टचस्क्रीन येतच नाही रे."

"म्हंजे बिघडला?"

"बिघडायला आधी असायला लागतो!"

डिंपल पाळीवरच्या पळसाच्या सावलीत बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग एकदम थांबली. "बाबाची काय इज्जत राहीन आता?"

भुपेंद्रनं लॅपटॉप मिटून काखेत घेतला. मग म्हणाला, "लॅपटॉपच्या डब्यात बिनवायरीचा माऊस होता ना?"

तहसीलदार आले. हारतुरे झाले. भुपेंद्र टेबलाच्या बाजूला, पडदा दिसेल असा, हाराचं ताट घेऊन उभा राहिला. एका हातात ताट आणि ताटाखाली दुसऱ्या हातात, मांडीला टेकवलेल्या जाड वहीवर, माऊस. तहसीलदारांनी बोट लावलं. त्यानं बटण दाबलं. फीत कापली गेली आणि पडद्यावर फुलं उधळली. टाळ्यांनी पत्रे दणाणले.

तिथंच थांबले असते तर बरं होतं. पण साहेब खूश झाले आणि फितीमागं उघडलेल्या गावाच्या फोटोंवरून बोट फिरवू लागले. साहेबांचं बोट डावीकडे गेलं की भुपेंद्रचं कोपर डावीकडे. एका फोटोला त्यानं उशीर केला, तेव्हा साहेबांनी बोट फुंकून पुन्हा लावलं. मग त्यांना तलावाचा फोटो आवडला. तो मोठा करायला त्यांनी दोन बोटं पडद्यावर ठेवली.

भुपेंद्रचा चेहरा पांढराफटक पडला. भैय्याजींनी तो पाहिला. मग ताटाखालचं जावयाचं हलणारं कोपर पाहिलं.

"साहेब!" भैय्याजी एवढ्या मोठ्यानं म्हणाले की साहेब दचकले. "चहा थंडा होऊन राहिला. पहिले चहा!"

कार्यक्रम आटोपून सासरा-जावई पायीच घरी निघाले.

"तो लॅपटॉप टचवाला नाही ना, जावईबापू?"

"नाही, मामाजी. नव्हताच."

"दुकानदार तसं बोललाच नव्हता म्हणा. चकचकीत पडदा पाहून मीच धरून चाललो."

भुपेंद्र थांबला. आता नाही तर कधीच नाही, असं त्याला वाटलं. "मामाजी, मीबी इंजिनिअर नाही. कंपनीतले एसी दुरुस्त करतो."

भैय्याजींनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. दोन बैलगाड्या शेजारून निघून गेल्या, तरी ते रस्त्यातच उभे.

"तेबी मीच धरून चाललो म्हंजे," ते अखेर म्हणाले. आणि जरा वेळानं, "बाकी लॅपटॉप चांगला हाय ना?"

"एकदम चांगला."

"मंग झालं."

अंगणात शेजारच्या पुष्पाबाई वाटच पाहत होत्या. "केला म्हंते इंजिनिअर जावयानं दुरुस्त!"

"इंजिनिअर नाही, पुष्पाबाई. एसीचे मेकॅनिक हायेत," भैय्याजी म्हणाले. आवाज तोच, ओट्याओट्यावर लॅपटॉपचं कौतुक सांगणारा. "अख्खी कंपनी थंडी ठेवतेत. हे एक दिवस नाही गेले तं सारे इंजिनिअर घामानं बेजार!"

सासूबाई उषाबाई चहा घेऊन आल्या. सासरी आला की भुपेंद्र नेहमी खाटेच्या कडेवर, आत्ता उठायचंच आहे असा बसायचा. आज त्यानं दोन्ही पाय वर घेतले, भिंतीला पाठ टेकवली आणि चहा ओतून प्यायला बशी मागितली.